फ्रीबीएसडी, नऊ महिन्यांनंतर: ‘स्टेबल’चा मी लावलेला अर्थ आणि खरा अर्थ

सप्टेंबर २०२४ पासून घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चालवतोय. काम साधंच आहे: घरचे फोटो, कागदपत्रांचे स्कॅन आणि माझ्या कामाचा बॅकअप झेडएफएस या फाइलसिस्टीमवर ठेवायचा. डिस्क, नेटवर्क, झेडएफएस यांनी एक दिवसही त्रास दिलेला नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते आवृत्त्यांच्या नावांबद्दल. पहिले तीन महिने त्या नावांनी मला दमवलं, आणि आज या सिस्टीमवर माझा भरवसा बसलाय तोही त्यांच्याचमुळे.

डाउनलोड करताना तीन शब्द समोर आले: करंट, स्टेबल, रिलीज. फोटो जपायचेत, म्हणून मी १४-स्टेबलचा स्नॅपशॉट (त्या शाखेची तेव्हापर्यंतची तयार प्रत) उतरवला. स्टेबल म्हणजे स्थिर आणि स्थिर म्हणजे भरवशाचं, असं मी धरून चाललो. पुढे पहिली सुरक्षा-सूचना आली तेव्हा ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ चालवलं, तर ते पुढे जाईचना. हे साधन तयार बायनरी (सोर्समधून आधीच बांधलेल्या फाइली) आणतं, आणि अशा बायनरी फक्त रिलीजसाठी आणि त्याआधीच्या बीटा-आरसी या चाचणी-आवृत्त्यांसाठी बनतात. स्टेबलवर राहायचं तर सोर्स कोड आणा, ‘बिल्डवर्ल्ड’ करा (म्हणजे कर्नल सोडून बाकी सिस्टीम बांधा), कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बांधा, रीबूट करा. रात्री लावलेलं बिल्डवर्ल्ड सकाळी चहाच्या वेळीही चालूच होतं. त्यातला बराचसा वेळ एकट्या एलएलव्हीएम या कंपायलरच्या संचाने खाल्ला. आणि एवढं करून पुढच्या अपडेटनंतर आवृत्ती सांगणाऱ्या ‘युनेम’ या आज्ञेने नाव दाखवलं: १४.२-प्रीरिलीज. पोटात गोळाच आला. अर्धवट शिजलेलं काहीतरी फोटोंच्या मशीनवर चढवलंय, असं वाटलं.

त्या दिवशी फ्रीबीएसडीचं अधिकृत हँडबुक घेऊन बसलो आणि सगळं उलगडलं. नवं काम आधी करंटमध्ये, म्हणजे सोर्स जिथे ठेवतात त्या गिटच्या ‘मेन’ शाखेत येतं. तिथल्या कर्नलमध्ये विटनेस, इन्व्हेरिअंट्स अशा चुका पकडणाऱ्या तपासण्या चालू असतात, त्यामुळे तो मुद्दामच हळू चालतो. बदल तिथे काही दिवस मुरतो आणि मग स्टेबलमध्ये आणला जातो; याला ‘एमएफसी’ (मर्ज फ्रॉम करंट) म्हणतात. कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात ‘एमएफसी आफ्टर: १ वीक’ अशी ओळ दिसली की समजायचं, लिहिणारा स्वतःच्या बदलाला आठवडाभर उन्हात ठेवणार आहे. मला ही ओळ फार आवडते.

मग स्टेबलमध्ये स्थिर काय असतं? बायनरी सुसंगतता. १४.० साठी बनवलेला प्रोग्रॅम १४ च्या शाखेत पुढेही चालला पाहिजे, हा शब्द दिलेला असतो. तो शब्द प्रोग्रॅमला दिलाय, माझ्यासारख्या घरगुती सर्व्हरवाल्याला नाही. रिलीज जवळ आलं की याच शाखेचं नाव काही काळ प्रीरिलीज होतं. मग तिच्यातून ‘रिलेंग/१४.२’ ही शाखा फुटते, आणि रिलीजनंतर तिच्यात फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या जातात. मला हवी होती ती ही शाखा.

माझं स्पष्ट मत आहे की डाउनलोडच्या दुव्याशेजारी ‘स्टेबल ही विकासाची शाखा आहे’ एवढी एक ओळ असायला हवी. हँडबुकमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. पण माणूस नाव वाचून डाउनलोड करतो आणि हँडबुक अडल्यावर उघडतो.

डिसेंबरमध्ये १४.२-रिलीज आलं आणि मी नव्याने इन्स्टॉल केलं. स्टेबलवर असताना ‘झेडपूल अपग्रेड’ केलेलं नव्हतं, म्हणून डेटाचा पूल (झेडएफएसने डिस्कांवर बांधलेला साठा) बिनबोभाट इम्पोर्ट झाला. हे लक्षात ठेवा: त्या आज्ञेने पूलवर नवी फीचर्स चालू केली की ती न ओळखणाऱ्या सिस्टीमवर तो उघडेलच असं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती आली. अपडेट केलं, रीबूट केलं, आणि ‘युनेम’ तरीही पी१, म्हणजे पहिल्या पॅचवरच. दुरुस्ती बसलीच नाही असं वाटून मी पुन्हा अपडेट चालवलं. नवं काही नाही म्हणून उत्तर आलं. ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू’ चालवल्यावर तीन ओळी आल्या: डिस्कवरचा कर्नल पी१, चालू कर्नल पी१, युजरलँड (कर्नलबाहेरची मूळ सिस्टीम) पी२. कर्नलमध्ये काही बदललंच नव्हतं, मग त्याचा आकडा कशाला पुढे जाईल? ‘युनेम’ फक्त चालू कर्नलबद्दल बोलतं. तेव्हापासून मी ही तीन ओळींची आज्ञाच वापरतो. रीबूट राहून गेला असेल तर तोही पहिल्या दोन ओळींतल्या फरकावरून कळतो.

पॅकेजांची, म्हणजे वरून बसवायच्या प्रोग्रॅमांची, वेगळी शाखा असते: रिलीजवर मुळात तिमाही, हवं असेल तर ‘लेटेस्ट’. मी तिमाहीवर आहे आणि खूश आहे.

जून २०२५ मध्ये १४.३ आलं. पुढचं पॉइंट रिलीज आल्यावर आधीच्याला तीन महिने मिळतात, म्हणजे १४.२ ला सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंत मुदत होती. १४ ची शाखा ३० नोव्हेंबर २०२८ पर्यंत सांभाळली जाणार आहे. या तारखा आधीच माहीत असल्यामुळे घाई नव्हती. एका रविवारी दुपारी जेवण उरकून बसलो, दोनदा रीबूट केलं, आणि तिन्ही ओळींत १४.३-रिलीज आलं.