नवा म्हणून बसवलेला आमचाच जुना प्रोसेसर

घरचा कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला. प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू म्हणावी अशी मुख्य चिप) गेला असं सांगून दुकानदाराने 'नवा' बसवला आणि 28,000 रुपये घेतले. तीन महिन्यांनी आम्ही तो काढून पाहिला, तर तो आमचाच जुना प्रोसेसर निघाला. दुकानाचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण तक्रारीचं काम अजून पुरतं संपलेलं नाही. पण फसवण्याची रीत मात्र जशी घडली तशी सांगते. ही रीत कुठल्याही गल्लीत, कुणाच्याही बाबतीत वापरता येईल अशी आहे.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. मी सहकारी बँकेत सव्वीस वर्षं काढून निवृत्त झाले. मुलगा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या कामासाठी जुलै 2023 मध्ये आम्ही सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवून घेतला. त्यात इंटेलचा आय-सेव्हन 13700के हा प्रोसेसर आहे. दीड वर्ष त्याने बिनतक्रार काम केलं. जानेवारी 2025 मध्ये मात्र तो मधेच निळा पडदा दाखवून बंद व्हायला लागला. खाली लिहिलेलं असायचं 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर', म्हणजे विंडोजला कळलेली, न सावरता येणारी हार्डवेअरची चूक. चमत्कारिक गोष्ट अशी की तीन-तीन तास रेंडरिंग (आराखड्यावरून चित्र तयार करण्याचं जड काम) चालायचं तेव्हा काही व्हायचं नाही, आणि मुलगा नुसता मेल वाचत बसला असताना मशीन धाडकन बंद पडायचं. दहा दिवसांवर त्याचा रिव्ह्यू होता. पोरगं रात्र-रात्र जागत होतं आणि दर दहा मिनिटांनी फाइल सेव्ह करत होतं. मला ते बघवेना.

पेठेतल्या एका दुकानाचं नाव शेजारच्यांनी सुचवलं. रिक्षात मांडीवर कॅबिनेट धरून मी गेले. दुकानदार बोलायला फार गोड. त्याने मशीन सुरू केलं, विंडोजचा 'इव्हेंट व्ह्यूअर' (चुकांची नोंदवही) उघडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा काकू, मी नाही, मशीनच सांगतंय." तिथे 18 क्रमांकाची नोंद होती. घातक हार्डवेअर एरर, 'रिपोर्टेड बाय कंपोनंट: प्रोसेसर कोर' (प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष काम करणारे जे अनेक भाग असतात, त्यातला एक), प्रकार 'कॅशे हायरार्की एरर' (प्रोसेसरच्या आतल्या तात्पुरत्या साठ्यातली चूक). मग त्याने मोबाइलवर बातमी काढून दाखवली की इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर खराब होत आहेत. "तुमचा तेराव्या पिढीचाच आहे. गेला हा. आता वाचत नाही."

त्याने जे दाखवलं त्यातलं काहीच खोटं नव्हतं. नोंद खरी होती, बातमीही खरी होती. म्हणूनच माझा विश्वास बसला.

त्या नोंदीचा खरा अर्थ मला नंतर कळला. 'रिपोर्टेड बाय' म्हणजे कळवणारा. गुन्हेगार कोण, ते त्यात लिहिलेलं नसतं. आमच्या बँकेत संध्याकाळी रोख कमी भरली की ती कॅशियरच कळवायचा. म्हणून कुणी लगेच त्याला चोर ठरवत नसे. आधी व्हाउचरं तपासायची, मग बोलायचं. प्रोसेसर आतल्या आत स्वतःची तपासणी करत असतो आणि आकडा जुळला नाही की ओरडतो. तो का जुळला नाही, याची कारणं अनेक असतात. व्होल्टेज कमी मिळणं, वीजपुरवठ्याचा डबा कमजोर होणं, रॅम तिच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, बायॉस (मशीन सुरू करणारी मूळ प्रणाली) जुनी असणं, प्रोसेसर भयंकर तापणं, आणि या सगळ्यानंतर प्रोसेसर स्वतः खराब असणं. सव्वीस वर्षं मी जे दुसऱ्यांना सांगत आले, ते त्या काउंटरवर मला आठवलं नाही, कारण डोळ्यासमोर मुलाचा रिव्ह्यू होता.

दुकानदार म्हणाला, "हेच मॉडेल आता सहज मिळत नाही. माझ्याकडे ट्रेमधला एक पीस आहे, खोक्याशिवाय. म्हणून 28,000 मध्ये देतो." खोकं का नाही, याचं उत्तर असं मी विचारायच्या आधीच मिळालं. मजुरीचे 2,500 वेगळे. प्रोसेसरचे पैसे यूपीआयने दिले, तर पडद्यावर दुकानाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. पावती म्हणजे वहीतून फाडलेला कागद, त्यावर 'सीपीयू चेंज' आणि रक्कम. ना जीएसटी क्रमांक, ना प्रोसेसरचा क्रमांक. मी जुना प्रोसेसर मागितला. "तो स्क्रॅपमध्ये टाकला काकू, त्याचं काय करणार तुम्ही?" ग्राहक पंचायतीची चळवळ 1974 साली ज्या शहरात सुरू झाली, त्या शहरात पक्कं बिल मागायला मला संकोच वाटला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मशीन मात्र झकास चालायला लागलं. रिव्ह्यू पार पडला. आम्ही त्या दुकानाचं नाव आणखी दोघांना सुचवलं. त्या दोघांना मी नंतर फोन करून सगळं सांगितलं.

एप्रिलमध्ये उकाडा वाढला. रेंडरिंग सुरू झालं की पंखे असे घोंघावायचे की शेजारच्या खोलीत झोप लागायची नाही. मुलाने बायॉसमध्ये जाऊन प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवलं, म्हणजे तो कमी तापेल. बरेच जण असं करतात आणि त्यात वावगं काही नाही. पाच-सहा दिवसांत तोच निळा पडदा परत आला. दुकानात फोन केला तर, "आता मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) गेला असणार, 18,000 धरून चला."

सुदैवाने त्या रविवारी माझा भाचा चिंचवडहून आला होता. तो हार्डवेअरचंच काम करतो. त्याने इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघडल्या आणि फक्त डब्ल्यूएचईए-लॉगरच्या तेवढ्या गाळून काढल्या. दुकानात विंडोज नव्याने टाकलं नव्हतं, त्यामुळे जानेवारीच्या नोंदीही तिथेच होत्या. त्याने जानेवारीची एक आणि एप्रिलची एक शेजारी-शेजारी ठेवली. "मावशी, शेवटची ओळ वाच." 'प्रोसेसर एपीआयसी आयडी' जानेवारीत 32, एप्रिलमध्येही 32. बाकीच्या नोंदी चाळल्या, तिथेही बहुतेक ठिकाणी 32च.

हा आयडी म्हणजे कुठल्या कोरने तक्रार केली त्याचा क्रमांक. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर घेतले तरी त्यांचे बलवान आणि नाजूक कोर सारखे नसतात. नवा प्रोसेसर त्याच कोरवर, त्याच प्रकारे अडखळला, हा योगायोग असू शकतो, पण शंका घेण्याइतका विचित्र नक्कीच. भाच्याने मुलाला विचारलं, "जानेवारीच्या आधी व्होल्टेजला हात लावला होतास का?" मुलाला आठवलं. डिसेंबरच्या शेवटी, पंख्याच्या आवाजासाठीच. पहिले दोन आठवडे मशीन नीट चाललं, म्हणून दोन्ही गोष्टींचा संबंध त्याच्या डोक्यातच आला नव्हता. व्होल्टेज गरजेपेक्षा कमी पडलं तर हलक्या कामातही प्रोसेसर कोसळतो, कारण सुस्त असलेला कोर क्षणात वेग घेतो आणि त्या झटक्याला वीज अपुरी पडते. मेल वाचताना मशीन का बंद पडायचं, त्याचं उत्तर हे होतं.

पण चोरी सिद्ध करायला एवढं पुरेसं नव्हतं. मी कुठलंच खोकं आणि बिल टाकत नाही. माळ्यावरून प्रोसेसरचं निळं खोकं काढलं. त्याच्या लेबलवर दोन क्रमांक असतात, एफपीओ आणि एटीपीओ. एफपीओ हा तुकडीचा क्रमांक, तो अनेक प्रोसेसरांचा एकच असू शकतो. एटीपीओ मात्र त्या एका नगाचा अनुक्रमांक.

भाच्याने वीज बंद केली, प्रोसेसरवरचा कूलर सोडवला. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणाऱ्या राखाडी पेस्टचा थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने तो हलक्या हाताने पुसत गेला, तशी धातूच्या टोपणावरची कोरीव अक्षरं वर आली. आधी मॉडेल, मग खाली एफपीओ. मी खोकं हातात धरून एकेक अक्षर वाचत होते, तो "हं" म्हणत होता. सगळं जुळलं. मग त्याने खटका उघडून प्रोसेसर कडेने उचलला. (हे घरी सरावाशिवाय करू नका. या प्रोसेसरच्या पिना मदरबोर्डवर असतात आणि एक जरी वाकली तरी मदरबोर्ड गेला समजा.) हिरव्या पट्टीच्या कडेला चौकोनी ठिपक्यांशेजारी मुंगीएवढे आकडे होते. माझ्या वडिलांचं पंचांग वाचायचं भिंग आणि मोबाइलचा टॉर्च, दोन्ही लावून वाचले. खोक्यावरच्या एटीपीओचे शेवटचे आकडे तेच होते. मुलगा काही बोलला नाही, उठून गॅलरीत गेला. प्रोसेसर त्याच्या कामाच्या ताणामुळे जळाला असं समजून तो तीन महिने मनात कुढत होता, हे मला त्या दिवशी समजलं.

म्हणजे दुकानदाराने केलं काय? बायॉसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्या, नवी पेस्ट लावली, झालं. त्याने खरं सांगून या कामाचे हजार रुपये मागितले असते तर मी हात जोडून दिले असते.

बातमीबद्दलही लिहायला हवं, कारण तिचाच धाक दाखवला गेला. जास्त व्होल्टेजमुळे तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होतात, हे इंटेलने 2024 मध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये 0एक्स129 आणि सप्टेंबरमध्ये 0एक्स12बी ही मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) सुधारणा आली. ती बायॉस अपडेटमधून मिळते. आधीच खराब झालेला प्रोसेसर तिने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. पण त्यासाठीच कंपनीने खोक्यात विकलेल्या अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. म्हणजे आमचा प्रोसेसर खरोखर गेला असता, तरी तो जुलै 2028 पर्यंत फुकट बदलून मिळाला असता. बातमीचा पहिला भाग मला दाखवला, दुसरा नाही. हे त्याला माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

आमच्या मशीनची मग भाच्याने रीतसर तपासणी केली. व्होल्टेज मूळपदावर, रॅमची वेगवान प्रोफाइल बंद, बायॉस ताजी, रात्रभर मेमटेस्ट (रॅमची तपासणी), सकाळी इंटेलचं स्वतःचं मोफत तपासणी साधन. सगळं पास. मग रॅमची प्रोफाइल परत चालू करून आठवडाभर वापर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा नियम. आजपर्यंत डब्ल्यूएचईएची एकही नोंद नाही. पंख्याचा आवाज कॅबिनेटमधली धूळ काढल्यावर बराच कमी झाला.

तुमच्याकडे असं काही झालं तर मशीन उचलण्याआधी त्या नोंदींचे फोटो काढून ठेवा. 18 म्हणजे घातक, 19 म्हणजे प्रोसेसरने स्वतः सावरलेली चूक. 17 मध्ये पीसीआय एक्सप्रेसचा (मदरबोर्डला इतर भाग जोडणाऱ्या मार्गाचा) उल्लेख असेल तर आधी ग्राफिक्स कार्ड किंवा एसएसडीकडे (फाइली साठवणाऱ्या डिस्ककडे) बघा. खोक्यावरच्या दोन्ही क्रमांकांचा फोटो काढा. भाग बदलला तर जुना भाग हातात घेतल्याशिवाय आणि नव्याचा क्रमांक बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. वॉरंटी शिल्लक आहे का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर आधी बघा.

मी सगळे फोटो घेऊन दुकानात गेले. "दुकानातल्या पोराकडून चुकून जुनाच बसला असेल काकू," एवढंच उत्तर मिळालं, पैशाचं नाव नाही. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. जुना माल नवा म्हणून विकणं आणि बिल न देणं, या दोन्ही गोष्टी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहेत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हेही त्या पत्रात लिहिलं. बाराव्या दिवशी 15,000 आले, महिनाअखेरीस 13,000. मजुरीचे 2,500 अजून आलेले नाहीत. त्यांच्यासाठी दुसरं पत्र सोमवारी पोस्टात टाकलं आहे.