स्टँडवर एकदाच चालवलेलं इंजिन

रिमोटवर उडणाऱ्या दोन पंखी मॉडेल विमानाचं किट जवळजवळ पूर्ण झालंय आणि आता फक्त इंजिनासाठी काम अडलंय, अशा अवस्थेत जे कुणी असतील त्यांनी हे वाचावं. मी त्याच अवस्थेत फसलो.

माझं किट पिट्स या कसरतींच्या विमानाच्या धर्तीचं. कर्टिस पिट्स यांचं मूळ विमान १९४४ साली पहिल्यांदा उडालं, तेही अवघ्या ५५ अश्वशक्तीच्या इंजिनावर. अमेरिकी कसरतपटू वैमानिक बेटी स्केल्टन यांचं पिट्स स्मिथसोनियनच्या संग्रहालयात छताखाली उलटं टांगलेलं आहे. त्याचा फोटो बघितला आणि हेच विमान बांधायचं ठरवलं. बाल्सा लाकडाची एकेक रिब (पंखाची फासळी) घासत, वरच्या-खालच्या पंखांचे कोन जुळवत तीन वर्षं गेली. कव्हरिंग झालं, सर्वो (रिमोटच्या इशाऱ्यावर शेपटी-पंखांचे भाग हलवणाऱ्या मोटरी) बसले, आणि नाकाशी मोकळी फायरवॉल, म्हणजे इंजिन जिथे बसतं ती भिंत, माझ्याकडे बघत राहिली.

किटच्या पुस्तिकेत दोन पर्याय होते : ०.६० ते ०.७५ घन इंचांचं टू-स्ट्रोक किंवा ०.९१ ते १.२० चं फोर-स्ट्रोक. आपल्या नेहमीच्या मापात ०.६१ म्हणजे साधारण १० सीसी, ०.९१ म्हणजे १५ आणि १.२० म्हणजे २० सीसी. कागदावर ०.६१ टू-स्ट्रोकची ताकद ०.९१ फोर-स्ट्रोकच्या जवळपास जाते, म्हणून बरेचजण हलकं आणि स्वस्त म्हणून टू-स्ट्रोक घेतात. दोन पंखी विमानात हा हिशेब चुकतो. माझ्या विमानाचा गोल काऊल (इंजिनावरचं आवरण) सात इंच व्यासाचा. टू-स्ट्रोकला जोरात फिरणारा लहान प्रॉप (प्रॉपेलर) लागतो. अकरा इंची प्रॉप लावला तर त्याच्या वर्तुळाचा जवळपास चाळीस टक्के भाग काऊलच्या आडच जातो. फोर-स्ट्रोक चौदा इंची प्रॉप सावकाश, पण दमदार फिरवतं, आणि तिथे आड जाणारा भाग पंचवीस टक्क्यांवर येतो. त्यात दोन पंख, मधले खांब, तारा या सगळ्यांचा हवेला अडथळा मोठा. थ्रॉटल कमी केला की विमान ब्रेक लावल्यासारखं थांबतं. तिथे वेग कामाचा नाही, ओढ हवी. शिवाय नाक आखूड असल्यामुळे पुढे वजन लागतंच. ते शिशाचं घालण्यापेक्षा इंजिनाचं असलेलं बरं.

थोडक्यात, ०.९१ फोर-स्ट्रोक ही माझी निवड बरोबर होती, आणि आजही मी तीच करीन. हे सगळं सविस्तर सांगतोय, कारण विकणाऱ्याने मला हेच सगळं सांगितलं होतं.

एका ओळखीच्यांच्या ओळखीतून तो गृहस्थ मिळाला. बरीच वर्षं विमानं उडवलेला. फोनवर त्याने आधी इंजिनाचा विषयच काढला नाही. काऊलचा व्यास किती, फायरवॉलपासून पंखापर्यंत अंतर किती, शेपटीचे सर्वो कुठे बसवलेत, असं सगळं विचारत राहिला. मग म्हणाला, "टू-स्ट्रोक घेऊ नका, पस्तावाल. ०.९१ फोर-स्ट्रोक घ्या, कुणाकडूनही घ्या." त्या 'कुणाकडूनही'ने माझा विश्वास बसला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. त्याच्याकडे एक पडून होतं. जपानी बनावटीचं, फक्त एकदा जमिनीवरच्या चाचणीच्या स्टँडवर चालवलेलं, कधीही न उडालेलं. किंमत नव्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. व्हिडिओ आला. इंजिन एका झटक्यात सुरू होत होतं, आयडलवर घड्याळासारखं टिकटिकत होतं. "आणखी एकजण उद्या घ्यायला येतोय, पण तुमचं विमान बघून वाटतं की ते तुमच्याकडेच जावं," असं म्हणाला. आठ दिवसांत काही दोष निघाला तर परत घेण्याचा शब्दही दिला. मी त्याच रात्री पूर्ण पैसे पाठवले.

इंजिन आलं तेव्हा ते अगदी लख्ख होतं. ग्लो इंधनात मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि बरंचसं तेल असतं. एकदा चाललेल्या इंजिनावरसुद्धा एक्झॉस्टच्या तोंडाशी पिवळसर झाक राहते. याच्यावर कुठे काहीच नव्हतं. कुणीतरी ब्रशने आणि सॉल्व्हंटने सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पातळ पंख्यापंख्यातून (कूलिंग फिन्स) घासून काढलं होतं. मला त्यात विकणाऱ्याची निगा दिसली. मागच्या झाकणाच्या चार स्क्रूंपैकी दोनांची खाच बोथट झालेली होती, म्हणजे झाकण आधी उघडलं गेलं होतं. एकदाच स्टँडवर चाललेल्या इंजिनाचं मागचं झाकण कोण कशाला उघडेल? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

प्रॉप हाताने फिरवला. कॉम्प्रेशन घट्ट, उसळी मारणारं. मी खूश. ते कॉम्प्रेशन खोटं होतं हे नंतर कळलं. ग्लो प्लगच्या (इंधन पेटवणाऱ्या प्लगच्या) भोकातून सिलिंडरमध्ये जाड तेल सोडलं की पिस्टनची झिजलेली रिंगसुद्धा काही काळ हवा धरून ठेवते. ओळखायचा उपाय सोपा आहे. प्लग काढायचा, इंधनाचे चार थेंब टाकून दहावीस वेळा फिरवायचं, सगळं बाहेर उडू द्यायचं, तेच पुन्हा एकदा करायचं, आणि मग प्लग लावून बघायचं. पिस्टन वरच्या टोकाजवळ दाबून धरला आणि बारीक सुस्कारा ऐकू आला, तर तो कुठून येतो तेही महत्त्वाचं : क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या पेटीच्या) ब्रीदर नळीतून आला तर रिंग किंवा सिलिंडर, एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बुरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह.

माझी खरी चूक पुढे झाली. इंजिन आधी स्टँडवर चालवायचं सोडून मी ते थेट विमानावर चढवलं. फायरवॉलला भोकं पाडली, काऊल कापला, एक्झॉस्टची नळी वाकवून बसवली. एकदा एवढं झालं की माणूस त्या इंजिनाच्या बाजूने बोलायला लागतो. प्रत्येक खोड त्याला ट्युनिंगची वाटते.

पहिल्या टाकीला टॅकोमीटरवर चौदा बाय सहाच्या प्रॉपवर मिनिटाला साडेनऊ हजार फेरे दिसले, म्हणजे ठीकच. पण तीन मिनिटांत आकडा साडेआठ हजारांवर घसरला. निडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) दोन खाच उघडली, तरी तेच. गरम झालं की उतरायचं. त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "रिंग बसतेय अजून. चार टाक्या चालवा." चालवल्या. मग म्हणाला, "व्हॉल्व्हचं अंतर बघा." बघितलं. रॉकरचं झाकण काढल्यावर आतली भिंत जळक्या तेलाने तपकिरी झालेली दिसली. बाहेरून लख्ख आणि आतून तपकिरी. तो रंग एका टाकीत चढत नाही, त्याला कित्येक तासांची धाव लागते. मी अंतर ०.०८ मिलिमीटरला लावलं, झाकण बंद केलं आणि स्वतःची समजूत घातली. मग त्याने प्लग बदलायला सांगितला, मग इंधन. प्रत्येक सल्ला योग्यच वाटत होता आणि प्रत्येक सल्ल्यात दोन दिवस जात होते. परतीचे आठ दिवस असेच संपले. आज लक्षात येतं की ते सल्ले इंजिनासाठी नव्हतेच, ते दिवस घालवण्यासाठी होते.

चौथ्या उड्डाणाला स्टॉल टर्नसाठी (उभं चढून माथ्यावर वळायची कसरत) विमान सरळ उभं चढवलं. माथ्यावर पोचता पोचता एक करकरीत आवाज आला आणि प्रॉप जागच्या जागी थांबला. साधं इंजिन बंद पडतं तेव्हा प्रॉप हवेने फिरत, हळूहळू थांबतो. हे जाम झालं होतं. दोन पंखी विमान बिनइंजिनाचं फार तरंगत नाही. नाक खाली घालून वेग धरला, पण सपाट करायला उंची पुरली नाही. खालचा उजवा पंख मुळापासून गेला, वरच्या पंखाचे मधले खांब उखडले, फायरवॉल चिरली. सगळं गोळा करायला दोन पिशव्या लागल्या. कुणाला इजा झाली नाही, मैदान मोकळं होतं.

घरी येऊन मागचं झाकण उघडलं. मागच्या बेअरिंगचा पिंजरा तुटला होता, गोळ्या एका बाजूला जमल्या होत्या, आणि रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यावर, गंज चढून खड्डे पडले होते. फोर-स्ट्रोकमध्ये हे का होतं ते सांगतो. रिंगच्या बाजूने निसटलेले जळके वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतात. त्यात ओलावा असतो, आम्ल असतं, आणि मिथेनॉल मुळातच हवेतली ओल शोषून घेणारं. दिवसभर उडवून झाल्यावर टाकी पूर्ण जाळून ब्रीदरच्या नळीतून तेल सोडलं नाही तर मागचं बेअरिंग गंजू लागतं. इतके खड्डे पडायला बराच काळ जावा लागतो. माझ्याकडे इंजिन जेमतेम महिनाभर होतं, आणि दर वेळी मी तेल सोडलं होतं.

त्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला नायट्रो जास्त वापरलं असेल. मग म्हणाला विमान जमिनीवर आपटलं म्हणून बेअरिंग तुटलं. आपटण्याने गंज चढत नाही, असं लिहिल्यावर त्याने एक वेगळाच प्रस्ताव दिला : दिलेल्या पैशांच्या चौथ्या हिश्श्यात इंजिन परत घेतो. मी ते दिलं नाही. नवं बेअरिंग घालून, पुन्हा घासून, तेल सोडून ते कुणाकडे जाईल हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मग मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. त्यातल्या इंजिनाच्या सिलिंडरवरच्या एका पंख्याचा कोपरा उडालेला आहे. माझ्या इंजिनाचे सगळे पंखे शाबूत.

जुनं इंजिन घेऊच नये असं मी म्हणणार नाही. नीट सांभाळलेलं इंजिन वर्षानुवर्षं चालतं, आणि माझ्याकडच्या दोन उत्तम इंजिनांपैकी एक जुनंच घेतलेलं आहे. पण ते मागचं झाकण काढून दाखवलेलं असावं. बेअरिंगवर तांबूस डाग असेल तर तिथेच थांबा, किंवा दोन्ही बेअरिंग आणि ती बदलण्याची मेहनत किमतीतून वजा करा. पिस्टन वरच्या टोकाला ठेवून प्रॉपचा हब किंचित मागेपुढे हलवा. हाताला टक् जाणवलं तर कनेक्टिंग रॉडचा खालचा डोळा झिजलाय. प्लग काढून शाफ्ट सावकाश फिरवा आणि त्याच्या टोकाजवळ एक टाचणी स्थिर धरा, वाकलेला शाफ्ट लगेच डोलताना दिसतो. फिरवताना वाळूसारखं खरखरलं तर बाकी काही बघायची गरज नाही. आणि पैसे दिल्यापासून परतीची मुदत संपेपर्यंत इंजिन स्टँडवरच ठेवा. फायरवॉलला एकही भोक पाडू नका. पूर्ण थ्रॉटलवर पाच मिनिटं गरम चालवून फेरे टिकतात का बघा. थंड इंजिनाचा आकडा मला तरी खोटंच सांगून गेला.

मागच्या आठवड्यात असंच दोन पंखी विमान बांधणाऱ्या एका मित्राने मला एक व्हिडिओ दाखवला. ०.९१ फोर-स्ट्रोक, एकदाच स्टँडवर चालवलेलं. तिसऱ्या सेकंदाला तो उडालेला कोपरा दिसला. मी त्याला एवढंच करायला सांगितलं : चालत्या इंजिनाशेजारी तुझं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून नवा व्हिडिओ माग, आणि मागच्या बेअरिंगचा फोटोही माग. समोरून निरोप आला की ते इंजिन कालच विकलं गेलं.