जुना कॅसेट डेक, आठ महिन्यांनंतर: दोन ताऱ्यांचे साडेतीन का केले

आधी दोन तारे दिले होते, ते आज साडेतीन करतोय. चौथ्यातला उरलेला अर्धा दुकानदाराच्या नावाने कायमचा कापलाय.

मशीनचं वर्णन करत बसत नाही. दोन खणांचा जुना डेक, ज्यांच्या घरी होता त्यांना सगळं ठाऊक आहे. २,२०० रुपयांना घेतला. बेळगावच्या शहापुरात घरी आणला तेव्हा बायको म्हणाली, "मोबाईलवर फुकट वाजतंय की सगळं. हे धूड कशाला?"

धूड अदलाबदलीसाठी. निपाणीचे मामा, खानापूरच्या वहिनी, मागच्या गल्लीतले कन्नड शाळेतून रिटायर झालेले सर, त्यांचा इंजिनिअरिंगचा नातू आणि मी असे पाचजण गेल्या पावसाळ्यापासून एकमेकांना अल्बम देतोय. समोरच्याने कधीच ऐकला नसेल असाच द्यायचा, आणि दोन्ही साईड दोनदा ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मोबाईलवर हे जमत नाही. जरा कंटाळा आला की अंगठा पुढे सरकतो. शिवाय एकदा भीमसेन लावले की तो आठवडाभर भीमसेनच पुढे करतो. पंगतीत एकदा मठ्ठा मागितला की वाढपी सारखा मठ्ठाच घेऊन येतो, तसं. कॅसेट पुढे ढकलायला उठावं लागतं, आणि माझे गुडघे तेवढ्यासाठी उठत नाहीत. म्हणून ऐकून होतं.

डेकची जमेची बाजू: आवाज भरदार, बटणं अजून खटकन दाबली जातात, रिवाइंड जोरात. उणी बाजू: पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते. अर्थात बेळगावच्या पावसात चपलांवरही धरते, डेकचा दोष नाही. टेपला टेकून आवाज उचलणारं हेड दर पंधरा दिवसांनी स्पिरिटने पुसतो. ते सोडा. खरा विषय बेल्ट, म्हणजे मोटरच्या जोरावर टेप फिरवणारा रबरी पट्टा.

दुसऱ्याच महिन्यात सरांनी मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेल्या वचनांची (जुन्या शरण संतांच्या कन्नड रचनांची) कॅसेट दिली. मन्सूर मला नवे नाहीत. जयपूर-अत्रौली घराण्याचे, अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले, अवघड जोडराग सहज गाणारे, एवढं माहीत होतं. पण ते अक्कमहादेवींची, बसवण्णांची वचनं गायचे हे धारवाड इथून दोन तासांवर असूनही माझ्या कानावर आलं नव्हतं. नियमाप्रमाणे दोनदा ऐकली. कन्नड मला बाजारापुरतं येतं, त्यामुळे अर्थ निम्मा सुटला. आवाज मात्र जड, दमलेला, ओढल्यासारखा वाटला. रविवारी सरांना चहावर तोंडावर सांगितलं, "सर, मन्सूरअण्णांचं वय झालं होतं का हो तेव्हा? आवाज बसलाय." सरांनी कप खाली ठेवला. "सरी," म्हणजे कन्नडमध्ये 'बरं', एवढंच म्हणाले आणि निघून गेले. आठवडाभर गल्लीत दिसले तरी मान दुसरीकडे.

मग एका रात्री सहज मुलीची पेटी घेऊन बसलो. माझ्याच भीमसेनांच्या अभंगाचा षड्ज लावला, आणि बोट जिथे पडायला हवं त्याच्या शेजारच्या पट्टीवर पडलं. अर्धा सूर खाली! तोच अभंग मोबाईलवर लावला, दोन्ही एकदम सुरू केले. मोबाईलवरचा दहा मिनिटांत संपला, डेकवरचा पुढे अडतीस सेकंद गातच होता. सहा टक्के वेग कमी म्हणजे जवळजवळ अर्धा सूर खाली, हिशोब बरोबर बसतो. मन्सूर दमलेले नव्हतेच. माझा रबरी बेल्ट दमला होता.

दुकानात गेलो. "जुनं मशीन आहे वो, असंच चालतंय." मी म्हटलं, विकताना "एकदम ओके" म्हणाला होतात. मग सर्व्हिसिंगचे ८५० रुपये सांगितले. ८५०! त्यात शनिवारच्या बाजारातून महिन्याची भाजी येते. घरी येऊन ऑनलाईन शोधलं. एक बेल्ट सुटा कुणी विकत नाही. तीस बेल्टांचं पाकीट २४० रुपये. घेतलं. झाकण उघडलं तर जुना बेल्ट शिळ्या चकलीसारखा मऊ पडलेला. नवा घातला, मोटरच्या मागच्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून मोबाईलशी जुळवत वेग आणला. दीड तास गेला. तो दीड तास हिशोबात धरला तर ८५० स्वस्त होते, पण मी धरत नाही.

रात्री पुन्हा मन्सूर. 'अक्का केळव्वा', म्हणजे अक्का, ऐक गं, मी एक स्वप्न पाहिलं. तोच आवाज, पण आता धारेचा. सूर लावतात तो थेट मधोमध. बाराव्या शतकातलं वचन, आणि ऐकताना वाटतं कुणीतरी सकाळी उठून रात्रीचं स्वप्न शेजारणीला सांगतंय. दुसऱ्या दिवशी पाव किलो कुंदा घेऊन सरांकडे गेलो आणि बेल्ट टेबलावर ठेवला. सर बराच वेळ बेल्टाकडे बघत होते. मग हसले.

माझ्या पाळीत मी त्यांना कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं दिली होती. "आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे," असं जरा छाती फुगवून म्हणालो. सर म्हणाले, "सुळेभावी तुमचं, बरं. पण शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हे त्यांचं मूळ नाव कुठलं?" कुमार मराठी की कन्नड, हा वाद अजून चालू आहे, आणि तो बेल्ट बदलून मिटणारा नाही.

नातवाकडे कॅसेटा नाहीत. त्याने जाझ ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' मोबाईलवर दिला. तो मी वायरवाल्या कॅसेट अडॅप्टरने डेकवर वाजवतो (१२० रुपये, खरखर करतो). पहिल्यांदा काहीच घडत नाही असं वाटलं. तान कुठाय? तिसऱ्यांदा ऐकताना कळलं की माणूस दोन सुरांमध्ये थांबतो, आणि ते थांबणंच वाजवतोय. सरांनी नातवाला बेल्टची गोष्ट सांगितलेली, त्यामुळे त्याने मुद्दाम पुढचं सांगितलं: या अल्बमच्या पहिल्या बाजूचं रेकॉर्डिंग करताना टेप मशीन जरा हळू चालत होतं. म्हणून ते नीट वेगाने वाजवलं की सूर थोडे वर जायचे. दुरुस्त आवृत्ती १९९२ साली आली. तेहेतीस वर्षं लोकांनी तसाच ऐकला! मी फक्त दोन महिने फसलो.

वहिनींनी दिलेली गोव्याच्या गायिका लोर्नाची कोंकणी कॅसेट बुरशीने अडकली, ती अजून वाळवतोय. मामांनी तमाशाच्या ढोलकीची दिलीय, ती माझ्यासाठी नवी नाही म्हणून नियमभंग. त्यांना कळवलंय.

घ्यावा का? पाच माणसं नसतील तर नको. एकट्याला मोबाईल पुरे. माणसं असतील तर घ्या, पण दुकानदारासमोरच ओळखीचं गाणं मोबाईलबरोबर लावून बघा. माझ्याकडे एकोणतीस बेल्ट पडून आहेत, दहा रुपयांना एक.

काल सरांनी नवी कॅसेट आणून दिली. डबीत चिठ्ठी आहे, मराठीत: "आधी पेटी लावा, मग मत."