झेंड्याच्या बिलावर १८ टक्के

१५ ऑगस्टच्या झेंड्यांच्या ऑर्डरीत फसलो, त्यात गेले ते एकूण ३६,५८० रुपये. पार्सल सोडवायला ट्रॅव्हल्सवाल्याला दिलेले २४० वेगळे. आकडा आधीच सांगतोय, कारण गावात तो रोज वाढतोय. परवा कटिंगच्या दुकानात पाठमोरा बसलो होतो, तर मी दीड लाखाला बुडालो असं माझ्याच कानांनी ऐकलं.

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, नाव घालत नाही. हसणारे आहेत तेवढे पुरेत. वडिलांपासूनचं कापडाचं दुकान. तीस वर्षं गल्ल्यावर बसतोय, डोळे मिटून पॉपलीन कुठलं आणि केंब्रिक कुठलं ते सांगतो. आणि फसलो तो कापडातच. शेअर मार्केटात, क्रिप्टोत बुडालो असतो तर निदान ‘त्याला त्यातलं कळत नव्हतं’ म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं.

२९ जुलै २०२५, मंगळवार, नागपंचमी. गिऱ्हाईक नव्हतं. तिशीतला एक पोरगा आला, इन केलेला शर्ट, हातात फाईल. ‘शेठ’ नाही, ‘साहेब’ नाही, थेट ‘काका’ म्हणाला आणि वाकून नमस्कार केला. पुण्याची फर्म, १५ ऑगस्टला बाजारपेठा सजवायचं काम घेतात, सगळ्यात चांगल्या सजलेल्या पेठेला जिल्हा पातळीवर बक्षीस आहे, वगैरे. फाईलमध्ये एक पत्र होतं, वर राजमुद्रा. खाजगी फर्मच्या लेटरहेडवर राजमुद्रा छापता येत नाही, त्याला २००५ चा कायदा आहे. हे मला आता माहीत आहे. आता मला पुष्कळ माहीत आहे.

मग त्याने पिशवीतून नमुन्याचा झेंडा काढून माझ्या हातात दिला. मी बोटात धरून चोळला. खादी होती, अस्सल, हातकताईची, सुताला गाठी लागत होत्या. “नांदेडची आहे काका,” तो म्हणाला. नांदेडला राष्ट्रध्वजाची खादी होते हे आपल्याकडे शाळेच्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून ते खरंच वाटलं. वर म्हणाला, “तुम्ही कापडातले. तुम्हाला मी काय सांगणार?” या एका वाक्याला मी विकला गेलो. नमुना चांगला असणारच ना! नमुना त्याच्याच पिशवीत परत गेला, आणि मी तेवढंही म्हणालो नाही की बाबा, हा इथे ठेवून जा, माल आला की शेजारी ठेवून बघू. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडून माल घेताना मी कापडाचा तुकडा फाडून, सही करून घेतो. इथे देशाचा झेंडा होता, तुकडा कसा मागायचा, म्हणून संकोचलो. त्याला तेच हवं होतं.

दुकानामागे एक सेट: खादीचा ३ बाय २ फुटी झेंडा काठीसकट, २० फूट कापडी तिरंगी तोरण आणि दुकानाच्या नावाचा ६ बाय ३ चा बॅनर. दर २,५०० अधिक जीएसटी. माझ्या एकट्याचं असतं तर २,९५० वर भागलं असतं. पण मी ओळीतल्या आणखी ११ दुकानदारांना गोळा केलं. का, ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. दहाच्या वर सेट झाले तर माझा बॅनर त्याच दरात १० बाय ४ चा मिळणार होता. हे मी घरातही सांगितलेलं नव्हतं. लोभ म्हणा. पण नुसता लोभ नव्हता. गेल्या वर्षी अर्ध्या दुकानांवर विटलेले झेंडे, एका ठिकाणी तर दांडीला सुतळीने गुंडाळलेला, ते बघवत नव्हतं. म्हटलं, एकदा सगळी ओळ एकसारखी दिसू दे. यात चूक काय होती ते कुणीतरी मला सांगावं.

बारा सेटचे ३०,०००, त्यावर १८ टक्के म्हणजे ५,४००, एकूण ३५,४००. निम्मे, १७,७००, आगाऊ.

आता मुख्य गोष्ट. कोटेशन मी आमच्या दिवाणजींकडे सरकवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि हळूच म्हणाले, “अण्णा, झेंड्याला जीएसटी असतो होय?”

नसतो. राष्ट्रध्वज करमुक्त आहे. खादीचा असो, पॉलिस्टरचा असो, मशीनचा असो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अर्थखात्याने तसा खुलासाही केला होता आणि आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर तो फिरला होता. मी स्वतः तो पुढे पाठवला होता! जुलै २०१७ पासून महिन्याच्या महिन्याला रिटर्न भरतोय. आणि त्या दिवशी मी दिवाणजींना काय म्हणालो असेन? “तोरण आहे, बॅनर आहे, सगळ्याला मिळून लावला असेल. तुम्ही चेक... नको, राहू दे, मी फोनवरनं पाठवतो.” पोरगा समोर बसला होता, चहा पीत होता, त्याच्यासमोर खळखळ कशाला. दिवाणजींनी कागद घडी करून परत दिला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. फसल्यानंतरही ‘मी म्हटलं होतं’ असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री दोनदोनदा आठवतं ते हेच. तो कागद पुढे धरून नुसते जीएसटी नंबरचे आकडे मोजायचे होते. पंधरा असतात. त्यावर चौदाच होते. २७ ने सुरू होत होता, मध्ये पॅनसारखं काहीतरी होतं, डोळ्याला बरोबर दिसत होता. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करताही नंबर टाकून फर्मचं नाव बघता येतं, अर्ध्या मिनिटाचं काम. गुमास्ते, मुनीम, मुलगा, सून, जे कुणी मोबाइल वापरतं त्यांच्याकडून पैसे देण्याआधी एवढं करून घ्या.

पैसे पाठवताना स्क्रीनवर फर्मचं नाव आलं नाही, कुणा बाईचं नाव आलं. मी विचारलं. “करंट खातं चालू व्हायचंय काका, वहिनींचं आहे.” मी अंगठा दाबला.

११ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, फोन. माल गाडीत भरला आहे, ट्रान्सपोर्टवाला पूर्ण पैसे झाल्याशिवाय गाडी सोडत नाही, पुढे रक्षाबंधनाची सुट्टी संपून गर्दी झाली आहे, १५ तारीख हुकली तर मला बोलू नका. तोपर्यंत बाकीच्या अकरांकडून मी २,९५० प्रमाणे घेतलेले होते, म्हणजे ३२,४५० माझ्याकडे लोकांचे. तोंडघशी पडायची भीती ही असली असते. दिले १७,७००. तासाभरात पुन्हा फोन, हमाली आणि भाडं १,१८०. तेही दिले. या १,१८० चा राग सगळ्यात जास्त आहे. पस्तीस हजार खाऊन त्याचं पोट भरलं नव्हतं.

१३ तारखेला सकाळी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून फोन आला. एकच खोका. मी उचलला तेव्हाच कळलं. बारा सेटचं वजन एका हाताला झेपेल? घरी आणून वजनकाट्यावर ठेवला, साडेसहा किलो.

आत वर प्लास्टिकचे टेबलावरचे झेंडे, सरबताच्या नळीसारख्या काड्यांवर. खाली ज्या फिसफिशीत नॉनवोव्हनच्या पिशव्या भाजीवाले देतात, त्याच मालाचे बारा झेंडे. केशरी नव्हे, टोमॅटोसारखा लाल. दुकानातली लोखंडी मीटरपट्टी लावली: २० इंच बाय १६. झेंडा तीनास दोन असतो, हे प्रमाण कुठल्याच हिशेबात बसत नाही. चक्राचे आरे बोटाने मोजले, अठरा भरले. हाताला निळी शाई लागली. तोरण म्हणजे दोऱ्याला चिकटवलेले कागदी तिरंगे, चक्रासकट. ध्वजसंहितेत साफ लिहिलंय की राष्ट्रध्वजाची पताका, तोरण करायचं नाही. नुसतं केशरी-पांढरं-हिरवं कापड बांधायचं असेल तर बांधा, चक्र घालू नका. बॅनर एकही नव्हता, माझा १० बाय ४ चाही नाही.

पॉलिस्टर आलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. ३० डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरला परवानगी आहे. पण हे पॉलिस्टरही नव्हतं.

त्याचा फोन बंद. भाचा पुण्यात असतो, तो कोटेशनवरच्या पत्त्यावर जाऊन आला. तिथे झेरॉक्सचं दुकान.

आणि आता ऐका, त्याने खोका का पाठवला. काहीच पाठवलं नसतं तर सरळ फसवणूक झाली असती. १४ तारखेला ठाण्यात गेलो, तर पहिला प्रश्न, “माल आला का?” आला. “मग ही दर्जाची तक्रार झाली. दिवाणी बाब. वकील बघा.” २४० रुपयांच्या त्या पार्सलने माझी केस मारली. कुठल्याही ऑर्डरचं असलं पार्सल आलं तर उघडताना व्हिडिओ घ्या, वजनासकट. मी घेतला नाही, म्हणून मला विचारलं गेलं की खोक्यात हेच होतं कशावरून!

वर, “उद्या १५ ऑगस्ट, बंदोबस्त आहे, नंतर या.” १६ ला गेलो, दहीहंडीचा बंदोबस्त. १८ ला गेलो, साहेब मीटिंगला. मग २७ ला गणपती बसले, तेव्हा तर बोलायलाच नको. विसर्जनानंतर गेलो, तर पैसे पुण्याला गेले, हद्द आमची नाही. अहो, नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो. ४२० चं कलम १ जुलै २०२४ पासून ३१८ झालंय हे मी पाठ करून गेलो होतो. ते म्हटल्यावर टेबलामागच्या साहेबांनी मान वर करून माझ्याकडे प्रथमच बघितलं. “वकील आहात?” नाही. “मग अर्ज ठेवून जा.” अर्जावर पोच मागितली, तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली सुट्टीवरच्या माणसाकडे.

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० वर फोन केला होता, १३ च्या रात्रीच. तो मात्र लगेच लागला, तक्रारीचा नंबर मिळाला. पण बँकेचं म्हणणं, ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, तुम्ही स्वतः पाठवलेत. पुढे मेसेज आला की त्या खात्यातली रक्कम रोखली आहे: ४३ रुपये. पहिले १७,७०० गेल्यावर शंका आली तेव्हाच, ३० जुलैला, हा फोन केला असता तर काही हाती लागलं असतं. शंका आलेली होती, हे आता कबूल करतो. ग्राहक म्हणून दाद मागायला गेलो, तर तिथे कळलं की धंद्यासाठी घेतलं म्हणून मी ग्राहकच नाही. आणि कळस म्हणजे नगरपरिषदेत गेलो, की बाबा सरकारच्या नावाने कुणी स्पर्धा सांगत फिरतंय, तर तिथला एकजण खोक्यात डोकावून म्हणाला, “प्लास्टिकचे झेंडे? १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. सापडले असते तर ५,००० दंड लागला असता तुम्हालाच.” आणि हसला. मी त्याच्या टेबलावरचं पाणी प्यायलो आणि खोका उचलून आलो.

ओळीतल्या अकरांचे पैसे मी १४ तारखेलाच परत केले, ३२,४५० रोख. दोघांनी घेतले नाहीत, त्यांच्या गल्ल्यात टाकून आलो. त्यातला एक अजून नीट बोलत नाही. पैसे मिळाले, पण मी कसा फसलो याचं त्याला वाईट वाटतं म्हणे. असल्या सहानुभूतीपेक्षा शिवी परवडली.

झेंडे कुठून आणले? त्याच दिवशी दुपारी पोस्टातून. २० बाय ३० इंची, २५ रुपयाला एक, बारांचे ३०० रुपये. जीएसटी नाही. पोस्ट माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून आहे. तोरणासाठी रात्री दुकान उघडून केशरी, पांढरा आणि हिरवा पॉपलीनचा ताग्यातून पाच-पाच मीटर फाडला आणि बारा दुकानांच्या पाट्यांवर बांधला. केशरी वर. सकाळी ओळ चांगली दिसली, फोटो सगळ्यांनी काढले. हे तागे तो पोरगा समोर बसून चहा पीत होता तेव्हा त्याच्या डोक्यामागच्या फळीवर होते.

तुमच्याकडे कुणी २६ जानेवारीचं, १ मेचं, शिवजयंतीचं असं काही घेऊन आलं, तर त्याला बसवून चहा पाजू नका. चहा पाजला की माणूस नाही म्हणत नाही.

खोका अजून माळ्यावर आहे. मुद्देमाल आहे, हलवू नका, असं ठाण्यातून तोंडी सांगितलंय, पंचनाम्याला कुणी आलेलं नाही. फाटका, खराब झेंडा कचऱ्यात टाकायचा नसतो, खाजगीत, मान राखून, पुरता नष्ट करायचा असतो. पण ते अठरा आऱ्यांचं जे काही आहे त्याला झेंडा म्हणायचं की नाही हेच ठरत नाही. मार्चअखेरीला दिवाणजी माळ्यावर चढून माल मोजत होते. खोक्यापाशी थांबले, वरूनच विचारलं, “अण्णा, हे काय म्हणून लिहू?” मी म्हटलं, पुढचा तागा सांगा.