अँबलसाइड ऑनलाइन हा घरी शिकवायचा (होमस्कूलिंगचा) अभ्यासक्रम वापरून दोन वर्षं झाली, त्याबद्दल

आम्ही मूळचे नगरचे, घर ख्रिस्ती, सध्या मुक्काम डॅलसजवळ. मुलगी आठची, मुलगा पाचचा. होमस्कूलिंग आमच्या चर्चमध्ये बऱ्याच घरांत चालतं त्यामुळे आम्ही काही फार मोठं धाडस वगैरे केलं नाही. टेक्ससमध्ये वर्षाअखेरची सरकारी परीक्षा नाही, १९९४ च्या लीपर केसमध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने घरची शाळा म्हणजे खासगी शाळाच हे मान्य केलंय, वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढं खरोखर शिकवा म्हणजे झालं. पण कोणी विचारणारच नाही म्हटल्यावर मलाच टेन्शन आलं, म्हणून पहिल्या वर्षी मी वर्कबुकं, स्टिकर चार्ट, दहा पानं झाली की चॉकलेट असं सगळं लावून दिलं, आणि तीन महिन्यांत पोरगी पुस्तक उघडायच्या आधी विचारायला लागली, "आई, याचे किती स्टिकर?" तिथे माझे डोळे उघडले.

मग अँबलसाइडकडे आलो. शार्लट मेसन (१८४२-१९२३) नावाच्या इंग्लिश बाईंच्या पद्धतीवर होमस्कूलिंग करणाऱ्या काही आयांनीच मिळून बांधलेला अभ्यासक्रम आहे, पूर्ण फुकट. अँबलसाइड हे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधलं गाव, बाईंनी तिथे १८९२ मध्ये शिकवणाऱ्यांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं होतं. वर्षाचे ३६ आठवडे, बारा-बारा आठवड्यांच्या तीन टर्म, कुठल्या आठवड्यात काय वाचायचं ते लिहून दिलेलं. बरीच पुस्तकं कॉपीराइट संपलेली असल्याने नेटवर अशीच मिळतात. मी उत्साहात सगळं प्रिंट काढत बसले आणि शाईवर इतका खर्च केला की तेवढ्यात सेकंडहँड पुस्तकं आली असती, तो शहाणपणा माझा.

मेसनबाईंचं म्हणणं असं की मार्क, नंबर, बक्षीस यांची चटक लागली की ज्ञानाची भूक मरते, आणि ती भूक मुलाला मुळातच असते, आपण फक्त चांगलं वाढायचं. वाचायला छान आहे पण घरात करायचं कसं? तर नॅरेशन. उतारा एकदाच वाचायचा, परत नाही, मग पुस्तक बंद करून मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मध्ये टोकायचं नाही!! हे मला सगळ्यात जड गेलं, आम्ही मास्तरांच्या घराण्यातले, चूक दिसली की जीभ वळवळते. सहा वर्षांखालच्या मुलाकडून मागायचंच नाही, म्हणून धाकटा नुसता ऐकतो, आणि मग दोन दिवसांनी आंघोळ करताना आपणहून सगळं सांगतो ते वेगळंच. धडे छोटे, पंधरा-वीस मिनिटांचे, दुपार मोकळी. चित्र बघायचं, मग उलटं ठेवून काय काय दिसलं ते सांगायचं. बाहेर जाऊन दिसेल ते वहीत काढायचं, आमच्या वहीत बहुतेक मॉकिंगबर्ड पक्षीच आहे कारण तो कुंपणावरून हलत नाही. याला मार्क कुठले द्यायचे?

आता खटकलेलं. यादी फार इंग्रजी आहे. सुरुवातीच्या वर्षांतलं इतिहासाचं एक मुख्य पुस्तक १९०५ चं, ब्रिटिश मुलांसाठी लिहिलेलं, त्यात १८५७ येतं ते इंग्रजांच्या बाजूने. मी पुढचं आधीच चाळून ठेवते आणि ती प्रकरणं गाळते, मोठी झाल्यावर दोन्ही बाजू एकदमच वाचू. उपासनागीतही इंग्रजी ठरलेलं असतं, त्याच्या जोडीला आम्ही रेव्हरंड टिळकांचं एक गीत घेतो, चाल सासूबाई फोनवर शिकवतात. आणि गणित यात नाहीच, ते आपलं आपण शोधायचं. पैसे लागत नाहीत पण आईचा वेळ सगळा जातो, दोघंही नोकरी करणारे असाल तर आधी नीट विचार करा.

सासूबाईंचं वेगळंच. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, "किती मार्क पडले गं?" मी काय सांगणार. मग मुलीलाच म्हटलं आजीला गोष्ट सांग. तेव्हा आम्ही कोरलेल्या लाकडी होडीचं पुस्तक वाचत होतो, ती होडी कॅनडातल्या निपिगॉनच्या बर्फातून निघून ग्रेट लेक्समधून समुद्राला जाते, आठवड्याला थोडं थोडं. पोरीने मोडक्या मराठीत सांगितलं, वल्ह्याला "चमचा" म्हणाली. तेव्हापासून नॅरेशन आठवड्यातून एकदा मराठीत, नगरला. त्या यादीत हे कुठेच नाही पण आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झालाय. मागच्या रविवारी सासूबाईंनी मार्क विचारलेच, पण होडी नायगाराच्या धबधब्यातून वाचली का हे आधी विचारलं.

साडेचार स्टार. गणितासाठी कोणी काय वापरतंय ते प्लीज सांगा, स्टिकरवालं नको.