‘क्यू’च्या शब्दांची पेटी: आधी ‘क्वे’ खोडा, मग मुलांना द्या

जळगाव-धुळ्याकडे शालेय साहित्याच्या दुकानांत ‘क्यू’ने सुरू होणाऱ्या गमतीशीर इंग्रजी शब्दांची एक कार्डपेटी मिळते. साठ कार्डं, १८० रुपये. पुढे शब्द नि चित्र, मागे देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ. पाचवी ते आठवीला चालेल. शब्द चांगले निवडलेत, अर्थ मात्र कोशातून उचलून चिकटवलेत.

‘क्वर्न’चं कार्ड घ्या. मागे लिहिलंय ‘हाताने फिरवायचे दळणयंत्र’. अहो, जातं म्हणा की! आपल्याकडे तर घरोटा. कोपऱ्यात पडलेल्या घरोट्याच्या खुंट्याला हात लावायला सांगून हा शब्द शिकवा, पोरं विसरणार नाहीत. ‘क्वायर’खाली ‘कागदांचा संच’ एवढंच. म्हणजे किती कागदांचा? हा आपला दस्ता: पूर्वी २४ ताव, आता २५. वीस दस्त्यांचा रीम, म्हणून जुना रीम ४८० चा आणि आजचा ५०० चा.

सगळ्यात जास्त खटकतो तो ‘क्विक’. ‘वेगवान’ हा अर्थ मागाहून आला, मूळ अर्थ जिवंत. म्हणून पारा म्हणजे क्विकसिल्व्हर, जिवंत चांदी. नखाखालचा हळवा भागही क्विकच. नख खोल कापलं गेलं की आपण ‘जिव्हाळी लागलं’ म्हणतो, ती जिव्हाळी हीच. इतका जुळणारा मराठी शब्द हाताशी असताना कार्डावर धावणारा ससा काढलाय. जाता जाता, हा शब्द आणि राणीचं ‘क्वीन’ दोन्ही जुन्या इंग्रजीत ‘सी-डब्ल्यू’ने लिहीत. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांचा अंमल आला आणि त्यांच्या लेखनिकांनी हळूहळू ‘क्यू-यू’ रूढ केलं.

‘क्विन्कन्क्स’ला फाशावरच्या पाच ठिपक्यांचं चित्र आहे, ते बरोबर. शेतकऱ्याच्या पोराला मात्र आंब्याची बाग सांगा: चार कोपऱ्यांवर चार कलमं आणि मधोमध पाचवं झाड, पपईसारखं लवकर फळणारं. दहा ओळींत दहा-दहा कलमं असली की शंभर झाडांमध्ये ८१ मधल्या जागा निघतात. आंब्याची सावली पडू लागली की मधलं झाड काढायचं. पाच बाय पाच फुटांवरच्या केळीत हे करू नका, तिथे पाचव्याला जागाच उरत नाही.

उच्चारांत थेट चुका आहेत. बंदराच्या धक्क्याला ‘क्वे’ छापलंय, उच्चार ‘की’. अंडी-मलई घालून भाजलेल्या खाऱ्या पदार्थाला ‘क्विच’ छापलंय, उच्चार ‘किश’. पेटी उघडल्याबरोबर ही दोन कार्डं पेनाने दुरुस्त करा, कारण एकदा बसलेला उच्चार सुटता सुटत नाही. ‘क्विझ’च्या मागे डब्लिनच्या नाटकवाल्याची गोष्ट आहे: पैज लावून त्याने एका रात्रीत गावभर भिंतींवर खडूने हा शब्द लिहवला म्हणे. गोष्ट १७९१ ची सांगतात, शब्द मात्र त्याआधीच लिखाणात सापडतो. गोष्ट सांगा, पण दंतकथा म्हणून.

‘क्वागा’चं कार्ड उत्तम. अर्ध्याच अंगावर पट्टे असलेला हा झेब्रा. शेवटचा १२ ऑगस्ट १८८३ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. ‘क्विडनंक’ही मजेदार: लॅटिनमध्ये ‘आता काय?’, म्हणजे ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गावची खबर विचारणारा. असा एक तरी प्रत्येक गल्लीत असतोच.

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा खेळ, खेळणाऱ्यांची निराशा होईल. त्यात ‘क्यू’ची सोंगटी एकच, दहा गुणांची, आणि ‘यू’ हाती नसेल तर ती अडकून पडते. तिला सोडवणारे ‘ची’ (क्यू-आय, चिनी कल्पनेतली प्राणशक्ती) आणि ‘कात’ (क्यू-ए-टी, पानं चघळतात ते झुडूप) हे शब्द पेटीत नाहीत. दोन कोरी कार्डं घेऊन स्वतःच लिहा.

रोज पाचच कार्डं काढा. चित्र दाखवून आधी मराठी शब्द विचारा, मग इंग्रजी. चुकलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी, बरोबर आलेलं तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा.

छपाई ठीक, पण प्लास्टिकचा थर एकाच बाजूला आहे. कागद हवेतला ओलावा घेतो-सोडतो, प्लास्टिक तसंच राहतं, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हाळ्यात कार्डं एकीकडे वळतात आणि पावसाळ्यात उलटीकडे. एक सुलटं, एक उलटं असं रचून रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबा. रबर मात्र लावू नका, कडा दुमडतात.