गोबरगॅस की सिलिंडर?

अनुदान मिळत असेल तर घरामागे गोबरगॅस बांधावा की उज्ज्वलाच्या सिलिंडरवरच भागवावे, असा प्रश्न बचत गटातील एका ताईंनी विचारला. धुराचा त्रास दोन्हींनी टळतो. खरा फरक पैसा आणि श्रम यांत आहे.

2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत जोडणी स्त्रीच्या नावे आणि अनामत रकमेशिवाय मिळते, परंतु 14.2 किलोचे सिलिंडर पुन्हा घेताना रोख रक्कम एकदम काढावी लागते, आणि मजुरीवर चालणाऱ्या घरात ती नसली की चूल पुन्हा पेटते. गोबरगॅसचा खर्च मुख्यतः बांधकामाचा. पुढे इंधन विकत घ्यावे लागत नाही, शिवाय गॅस निघाल्यावर उरणाऱ्या शेणाच्या मळीचे खत शेताला मिळते.

श्रमांचा हिशेब मात्र योजनांच्या कागदावर क्वचितच दिसतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण आणि जवळपास तितकेच पाणी लागते. ते कालवणे बहुधा बाईच्याच वाट्याला येते, आणि उन्हाळ्यात जिथे पिण्याचे पाणीच डोक्यावरून आणावे लागते, तिथे हा भार लहान नाही. थंडीत गॅसही कमी होतो.

टिकाऊपणा बांधकामावर अवलंबून आहे. गॅस साठणाऱ्या घुमटाला तडा गेल्यास जाणता गवंडीच हवा.

चार-पाच जनावरे गोठ्यात, पाणी जवळ आणि शेती स्वतःची असेल, तर गोबरगॅस बांधावा, मात्र शेण कालवण्याची पाळी घरातील पुरुषांनाही लावून. भूमिहीन किंवा ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या घराला सिलिंडरच सोयीचे.